पेल्टियरने दुर्बिणीचा कॅमेरा गार करतोय: दोन मिनिटांत उणे ४, अर्ध्या तासाने अधिक १३. चूक कुठे?

रोहिणीपुंज

मंडळी, गेले तीन महिने एकाच कामामागे आहे आणि आता अडलोय, म्हणून हा धागा.

माझ्याकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे. महिन्यातून एकदा अमावस्येच्या आसपास वेल्ह्याच्या बाजूला जातो आणि तेजोमेघांचे फोटो काढतो. कॅमेरा साधा, न थंडावणारा. जानेवारीत ठीक चालतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र रात्री हवाच २४ अंशांवर असते, सेन्सर स्वतःच्या विजेने आणखी आठ-दहा अंश तापतो आणि पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये फोटोभर लाल-निळे ठिपके उठतात. हे डार्क करंटचं काम: प्रकाश पडलेला नसतानाही उष्णतेमुळे सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि पिक्सेल भरत जातात. साधारण दर सहा अंशांना हा करंट दुप्पट होतो. म्हणजे ३४ अंशांवरचा सेन्सर उणे २ ला आणला, तर ३६ अंशांचा फरक, सहा वेळा निम्मा, म्हणजे ६४ पटींनी कमी. कागदावरचा हा आकडा पाहिल्यापासून स्वस्थ बसवत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून टीईसी१-१२७०६ हा पेल्टियर घेतला, म्हणजे वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चपटी पाटी. कॅमेरा उघडून सेन्सरच्या मागे तांब्याचा ठोकळा बसवला, ठोकळ्यामागे पेल्टियरची थंड बाजू, गरम बाजूला उष्णता हवेत सोडणारा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा हीट सिंक आणि ४० मिलिमीटरचा पंखा. थेट १२ व्होल्टची बॅटरी. खोलीचं तापमान २५.

दोन मिनिटांत ठोकळा उणे ४. मी आनंदाने घरच्यांना हाक मारली. दहाव्या मिनिटाला अधिक ३. अर्ध्या तासाने अधिक १३, आणि हीट सिंकला बोट लावता येईना. करंट पूर्ण वेळ साडेचार अँपिअरच्या आसपास.

मॉड्युल खराब आहे का? की एकावर एक दोन लावू?

तपकीरगल्ली

मॉड्युल उत्तम आहे. खराब असतं तर उणे ४ दिसलंच नसतं. हीट सिंक बदला.

जुना_फिटर

रोहिणीपुंज, मॉड्युलला दोष देऊ नका. तुमचे तीन आकडेच सगळं सांगतायत.

मी बत्तीस वर्षं एका प्रयोगशाळेच्या उपकरण विभागात काम केलं. नव्या मुलांना पेल्टियर समजावताना मी विहीर आणि पाटाचं उदाहरण देत असे. पेल्टियर थंडी तयार करत नाही. तो एका बाजूची उष्णता उपसून दुसऱ्या बाजूला ओततो. विहीर म्हणजे तुमचा सेन्सर, पाट म्हणजे तुमचा हीट सिंक. पाट वाहता असेल तर विहीर रिकामी होते. पाट तुंबला की पाणी काठावरून पाझरून परत विहिरीत. शिवाय पंपाची स्वतःची वीजही उष्णता होऊन त्याच पाटात पडते, आणि इथे तीच मोठी आहे: १२ व्होल्ट गुणिले साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. तुमच्या सेन्सरची आणि आजूबाजूने शिरणारी उष्णता मिळून चार वॅटही नसेल. म्हणजे चार वॅट उचलण्यासाठी तुम्ही पाटात ५८ वॅट सोडताय.

तळहाताएवढ्या सिंकची क्षमता छोट्या पंख्यासकट दर वॅटला साधारण एक अंश धरा. ५८ वॅटला ५८ अंश चढणार, खोली २५, म्हणजे गरम बाजू ८३ वर. त्या मॉड्युलचा दोन बाजूंमधला जास्तीत जास्त फरक सत्तरच्या आसपास. ८३ मधून ७० वजा करा. तुम्ही मोजलेले १३ आले की नाही?

पहिली दोन मिनिटं सिंकचा धातू थंड होता, त्याने उष्णता पोटात घेतली. म्हणून उणे ४ दिसलं. ते आकडे उधारीचे होते.

अर्धवाहक

काका, फारच सुरेख समजावलंत. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या पुस्तकात याला एक परिच्छेद आहे. एक विचारू का, १२७०६ चा अर्थ काय?

जुना_फिटर

१२७ म्हणजे आत १२७ जोड्या. प्रत्येक जोडीत एक एन आणि एक पी प्रकारचा बिस्मथ टेल्युराइडचा खांब. विजेच्या दृष्टीने सगळ्या एकामागे एक, उष्णतेच्या दृष्टीने सगळ्या शेजारी-शेजारी. ०६ म्हणजे जास्तीत जास्त सहा अँपिअर. दोन्ही बाजूंना ४० बाय ४० मिलिमीटरच्या सिरॅमिकच्या पाट्या.

विषय निघालाच आहे तर थोडं मागचं सांगतो, कारण तुमच्या पुस्तकातल्या परिच्छेदात ते नसणार. झां पेल्टियर हा फ्रेंच माणूस मूळचा घड्याळजी. १८३४ साली त्याने दोन धातूंच्या सांध्यातून वीज सोडली आणि एक सांधा गार, दुसरा गरम होताना पाहिला. १८३८ साली लेंझ या शास्त्रज्ञाने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून वीज सोडली आणि तो गोठवला. मग वीज उलटी करून वितळवला. या एका थेंबात सगळं तंत्र आहे: दिशा बदलली की गारवा आणि ऊब जागा बदलतात. पण धातूंमध्ये हा परिणाम इतका क्षीण की पुढची शंभरेक वर्षं तो प्रयोगशाळेतच राहिला. अर्धवाहक आले, सोव्हिएत रशियात आयोफ्फे यांनी त्यावर काम केलं, इंग्लंडमध्ये १९५४ साली गोल्डस्मिड यांनी बिस्मथ टेल्युराइडची जोडी वापरून पाहिली, तेव्हा हे यंत्र कामाला आलं. आज सत्तर वर्षांनीही तपकीर गल्लीत मिळतो तो पदार्थ मुळात तोच.

रोहिणीपुंज

काका, तुमची वजाबाकी वाचून मी वही काढून बसलो. १३ च येतात!

जुन्या संगणकाचा टॉवर कूलर आहे घरी, उष्णतानळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्यासकट. तो लावतो. पण व्होल्टेज? १२ च ठेवू?

प्रकाशतंतू

१२ ठेवू नका. मी बंगळुरूला फायबर-ऑप्टिक उपकरणांच्या लेझर विभागात काम करते, रोज याच हिशोबात असते, म्हणून जरा लांब लिहिते.

थंड बाजूवरून किती उष्णता उचलली जाते हे तीन गोष्टी मिळून ठरवतात. पहिली, पेल्टियरची उचल: ती करंटच्या सरळ प्रमाणात वाढते. दुसरी, मॉड्युलच्या रोधात तयार होणारी उष्णता: ती करंटच्या वर्गाने वाढते, आणि तिचा निम्मा भाग थंड बाजूलाच येतो. तिसरी, गरम बाजूकडून मॉड्युलमधूनच उलट वाहत येणारी उष्णता: दोन बाजूंतला फरक जितका मोठा तितकी ती जास्त. पहिलीतून उरलेल्या दोन वजा करायच्या.

आता दिसेल की करंट दुप्पट केला तर फायदा दुप्पट आणि तोटा चौपट. सुरुवातीला फायदा पुढे असतो, मग तोटा गाठतो. माहितीपत्रकातला सहा अँपिअर हा आकडा नेमका तो टोकाचा बिंदू आहे, जिथून पुढे वाढवलं तर गारवा कमीच होतो. तिथे चालवायचं नसतं.

तुमच्या मॉड्युलचा रोध साधारण दोन ओम धरून मी आकडेमोड केली. चार वॅटचा भार आणि दर वॅटला अर्धा अंश चढणारा सिंक असेल, तर १२ व्होल्टला सेन्सर उणे १० च्या आसपास जाईल आणि वीज लागेल ५० वॅटहून जास्त. ६ व्होल्टला उणे ४-५ पर्यंत जाईल आणि वीज लागेल ११-१२ वॅट. शेवटच्या पाच-सहा अंशांसाठी तुम्ही पाचपट वीज मोजणार. बॅटरीवर माळरानात बसणाऱ्या माणसाने तरी ६ व्होल्टच घ्यावं. टॉवर कूलर अर्ध्या अंशापेक्षाही चांगला असेल, तर निकाल आणखी सुधारेल.

आणि दोन मॉड्युलं एकावर एक लावायची असतील तर सारखी लावू नका. वरच्याची उचललेली उष्णता अधिक त्याची वीज, हे दोन्ही खालच्याने उचलायचं असतं. म्हणून खालचं नेहमी बरंच मोठं लागतं. बहुमजली पेल्टियर पिरॅमिडसारखे दिसतात ते याच कारणाने.

चित्रा_स्वाती

पिरॅमिडवरून आठवलं. हबल दुर्बिणीवर मे २००९ मध्ये बसवलेल्या वाइड फील्ड कॅमेरा ३ मध्ये अवरक्त किरणांचा सेन्सर सहा मजल्यांच्या पेल्टियरने थंड ठेवतात, १४५ केल्विनला, म्हणजे उणे १२८ अंशांना. सहा मजले लागतात यावरूनच कळतं की पुढचा प्रत्येक अंश किती महाग पडतो.

आणि आपल्याकडचं उदाहरण: २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेला ॲस्ट्रोसॅट. त्यावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिच्या सीसीडी सेन्सरलाही पेल्टियरच आहे, सेन्सर उणे ८० अंशांच्या आसपास. जुना_फिटर यांचा पाट इथे फार महत्त्वाचा ठरतो, कारण अवकाशात हवा नाही, पंखा निरुपयोगी. म्हणून गरम बाजूची उष्णता उष्णतानळीने एका पत्र्यापर्यंत नेतात आणि तो पत्रा ती काळ्या आकाशात प्रारणाने सोडतो. इतक्या मोठ्या यंत्रातही सेन्सर गार राहतो तो त्या पत्र्याच्या जिवावर. मला हे नेहमी हलवून जातं.

रोहिणीपुंज

पहिला हप्ता कळवतो.

टॉवर कूलर बसवला. व्होल्टेज कमी करायला बक कन्व्हर्टर लावला, ६ व्होल्ट, १.९ अँपिअर. खोली २२ अंश. पंधरा मिनिटांनी ठोकळा उणे ९. एक तासाने उणे ९. दोन तासांनी उणे ९! सिंक हाताला जेमतेम कोमट. सेन्सरवरचा आकडा मात्र उणे ५. ठोकळा आणि सेन्सर यांच्यात चार अंश कुठे हरवतात?

जुना_फिटर

शाब्बास. चार अंश जोडांमध्ये हरवतात. पेस्ट किती लावलीत? लोक चपातीला तूप लावल्यासारखी लावतात. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक आहे. तिचं काम फक्त दोन पृष्ठांमधले न दिसणारे खड्डे भरणं. इतकी पातळ हवी की खालचा धातू दिसल्यासारखा वाटला पाहिजे.

ठोकळ्याची बाजू सपाट आहे का पाहा. काचेच्या तुकड्यावर हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर आठच्या आकड्यात घासा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, ते उष्णता कमी वाहतात. डोक्याखाली फायबरचा वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा. बिस्मथ टेल्युराइड ठिसूळ आहे: सरळ दाब भरपूर सोसतो, पण तिरका ताण आला की आतला खांब तडकतो आणि १२७ जोड्या एकामागे एक असल्यामुळे एक खांब गेला की सगळं मॉड्युल गेलं.

प्रकाशतंतू

एक सूचना, मनापासून. सेन्सरच्या बंद खोलीत सिलिकॉन तेलाची पेस्ट वापरू नका. ते तेल हळूहळू सरपटतं आणि काचेवर, सेन्सरवर धुरकट थर बसतो. आमच्याकडे लेझरच्या डबीत ती अजिबात चालत नाही, तिथे पातळ इंडियमचा पत्रा किंवा सोल्डर वापरतात. तुम्ही निदान बिनसिलिकॉनची पेस्ट घ्या.

घाटमाथा

मी माझ्या कॅमेऱ्याला तयार थर्मोस्टॅट लावलाय, डब्ल्यू१२०९. उणे ५ झालं की बंद, उणे ३ झालं की चालू. दीडशे-दोनशे रुपयांत काम झालं. पण बंद झाल्यावर तापमान फार झपकन वर येतं. पेल्टियर बंद आहे, मग इतकी उष्णता येते कुठून?

तपकीरगल्ली

पेल्टियरमधूनच. बंद पेल्टियर म्हणजे गरम सिंक आणि थंड सेन्सर यांना जोडणारा चार मिलिमीटर जाडीचा पूल. दर अंश फरकाला साधारण अर्धा वॅट. ४० अंश फरक असेल तर २० वॅट उलटे वाहतात, तुमच्या खऱ्या भाराच्या पाचपट. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला तरी भिंती उष्णता अडवतात. इथे भिंतच वाहक आहे. म्हणून पेल्टियर बंद-चालू करायचा नसतो, कमी-जास्त करायचा असतो.

अर्धवाहक

मग पीडब्ल्यूएमने केलं तर? सेकंदाला हजार वेळा चालू-बंद, सरासरी कमी.

तपकीरगल्ली

बंद-चालूपेक्षा खूप बरं, पण तरी नुकसान आहे. हिशोब कर: सतत ३ अँपिअर, तर वर्ग ९. निम्मा वेळ ६ अँपिअर, निम्मा वेळ शून्य, तर सरासरी करंट ३ च, पण वर्गाची सरासरी १८. म्हणजे उचल तेवढीच, रोधातली उष्णता दुप्पट. पीडब्ल्यूएमपुढे कॉइल आणि कपॅसिटर लावून गुळगुळीत डीसी केलास की प्रश्न सुटला. कॅमेऱ्याच्या तारांमध्ये गोंगाट शिरतो तोही जातो.

पेट्रीडिश

मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. धागा कॅमेऱ्याचा आहे, पण एक सांगावंसं वाटतं. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआर यंत्रांवर आम्ही रात्रंदिवस चाचण्या लावल्या, त्यांच्या पोटातही पेल्टियरच असतो. नमुना ९५ अंशांवर न्यायचा, मग ६० च्या आसपास उतरवायचा, पुन्हा वर, अशी चाळीस आवर्तनं. तापवताना वीज एका दिशेने, गार करताना उलटी. काकांनी सांगितलेला लेंझचा थेंबच तो.

एकदा आमच्या यंत्राचा एक कोपरा मागे पडायला लागला, त्या भागातल्या नळ्यांचे निकाल उशिरा येत. उघडल्यावर कळलं की एक मॉड्युल थकलंय. सतत गरम-गार होऊन आतल्या सोल्डरच्या सांध्यांना बारीक तडे जातात. म्हणून अशा यंत्रांत आवर्तनं सोसणारी वेगळी मॉड्युलं घालतात. घाटमाथा, तुमचा बंद-चालू थर्मोस्टॅट नकळत तुमच्या मॉड्युलला तेच करतोय.

घाटमाथा

काढतो. आजच.

सागरमेघ

मी वेंगुर्ल्याचा. सगळे गरम बाजूबद्दल बोलतायत, आमच्याकडे खरा शत्रू पाणी आहे. दवाची कुणाला आठवण आहे का?

माझा पहिला प्रयत्न ऑक्टोबरमधला. हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांवर असतो. म्हणजे सेन्सर हवेपेक्षा दोनच अंश गार केला की त्यावर पाणी. मी तो शून्यावर नेला. आधी फोटोत मऊ वलयं दिसली, मग मधोमध बर्फाचं नक्षीदार फूल उमललं, आणि कॅमेरा बंद केल्यावर ते वितळून पिनांमध्ये उतरलं. सेन्सर गेला. तो घ्यायला मी दीड वर्ष पैसे साठवले होते. नवीन माणसाने आधी हे वाचावं, मग वीज जोडावी.

रोहिणीपुंज

सागरमेघ, वाचून वाईट वाटलं. आणि वेळेवर सांगितलंत, कारण माझ्या कॅमेऱ्याची डबी अजून उघडीच आहे. तुम्ही पुढे काय केलंत?

सागरमेघ

डबी हवाबंद केली. झाकणाला रबरी ओ-रिंग आणि व्हॅक्यूम ग्रीसचा अगदी पुसट हात, तारा बाहेर येतात तिथे इपॉक्सी. आत सिलिका जेलची पुडी. सेन्सर उणे ६ वर ठेवायचा तर आतली हवा किती कोरडी हवी? २२ अंशांना मोजली तर आर्द्रता १४ टक्क्यांच्या खाली. ताजं सिलिका जेल हे करू शकतं, पण ताजं हवं. १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून, गरम असतानाच डबीत. निळं जेल स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये भाजू नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे.

डबी बंद करतानाची हवासुद्धा महत्त्वाची. मी पावसाळ्यात डबी उघडतच नाही. उघडायची ती जानेवारीत, दुपारी, कोरडा वारा असताना.

बाहेरची काचही विसरू नका. आत थंडावा असल्यामुळे तिच्यावर बाहेरून दव बसतं. काचेभोवती रेझिस्टरांचं कडं करून एक-दोन वॅटची ऊब द्या, बस्स.

जुना_फिटर

सागरमेघ यांनी लाख मोलाचं सांगितलं. भर एवढीच: मॉड्युलच्या चारी कडाही बंद करा. आत पाणी गेलं की सोल्डर गंजतं. आरटीव्ही, म्हणजे खोलीच्या तापमानालाच घट्ट होणारं सिलिकॉन लावा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

प्रकाशतंतू

काका, डबीच्या आत असल्यामुळे मी तिथेही इपॉक्सीच सुचवेन. सिलिकॉनपेक्षा थोडी जास्त उष्णता वाहतं, पण वाफा सोडत नाही.

जुना_फिटर

मान्य. आमच्या काळात कडा बाहेर असायच्या, तुमचा मुद्दा इथे बरोबर आहे. उरलेल्या पोकळीत बंद छिद्रांचा काळा नायट्राइल फोम कापून भरा, एसीच्या नळीवर असतो तो.

अर्धवाहक

ताई, तुम्ही लेझरचं म्हणालात. तिथे पेल्टियर कशाला? लेझर जळू नये म्हणून?

प्रकाशतंतू

नाही, आणि हाच माझा आवडता भाग आहे.

फायबरमधून एकाच काचेच्या तंतूतून अनेक लेझर जातात, प्रत्येकाचा रंग, म्हणजे तरंगलांबी, किंचित वेगळी. १५५० नॅनोमीटरच्या परिसरात १०० गिगाहर्ट्झची घरं पाडली तर दोन शेजाऱ्यांत अंतर फक्त ०.८ नॅनोमीटर. आता आम्ही वापरतो त्या डीएफबी जातीच्या लेझरची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते. म्हणजे आठ अंश तापला की तो शेजाऱ्याच्या घरात. मे महिन्यात एखाद्या गावातल्या टॉवरखालच्या पेटीत दुपारी आणि पहाटे किती फरक असतो, विचार कर.

म्हणून आमच्या चौदा पायांच्या डबीत लेझर, त्याला लागून तापमान मोजणारा दहा किलो-ओमचा थर्मिस्टर, आणि खाली काही मिलिमीटरचा पेल्टियर. तापमान साधारण २५ अंशांवर, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर. बाहेर ५० असेल तर तो गार करतो, बाहेर ५ असेल तर वीज उलटवून ऊब देतो. त्याला कूलर म्हणतात खरे, पण त्याचं काम गार करणं नाही. एका आकड्यावर धरून ठेवणं हे त्याचं काम.

रोहिणीपुंज, तुमच्या कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. तुम्ही डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून काढलेला अंधाराचा फोटो, मूळ फोटोतून वजा करता ना? डार्क फ्रेम उणे ५ ची आणि फोटो उणे २ चा असेल, तर वजाबाकी चुकते. किती खाली गेलो यापेक्षा रोज रात्री तिथेच पोचतो का, हे महत्त्वाचं.

रोहिणीपुंज

ताई, हे वाचून मी थांबलोच. आजवर मी फक्त सर्वांत खालच्या आकड्यामागे होतो. दर वेळी वेगळं तापमान, दर वेळी नव्या डार्क फ्रेम, आणि त्यातच अर्धी रात्र जायची.

अर्धवाहक

शेवटचा प्रश्न, विषय थोडा वेगळा. माझ्या संगणकाच्या प्रोसेसरवर हाच पेल्टियर लावला तर?

तपकीरगल्ली

नको. गेम खेळताना प्रोसेसर १००-१५० वॅट सोडतो, आणि हे मॉड्युल दोन्ही बाजू सारख्या तापमानाला असताना कसेबसे ५०-६० वॅट उचलतं. उरलेली उष्णता अडून बसेल, म्हणजे तू प्रोसेसर आणि कूलर यांच्यात अडथळाच घातलास. मोठं मॉड्युल लावलंस तर त्याचीच वीज दीडदोनशे वॅट. इंटेलने २०२० मध्ये क्रायो नावाने असा प्रकार आणला होता, त्यातही दव पडू नये म्हणून तापमान सतत दवबिंदूच्या वर धरावं लागे. पेल्टियर थोड्या वॅटसाठी, छोट्या जागेसाठी, नेमक्या तापमानासाठी. तिथे त्याला तोड नाही: हलता भाग नाही, कंप नाही, वायू नाही.

रोहिणीपुंज

दुसरा हप्ता, काल रात्रीचा. वेल्ह्याहून पहाटे पाचला आलो, झोप येत नाहीये.

या पाच आठवड्यांत केलं ते असं. ठोकळा काचेवर घासला, पेस्ट बिनसिलिकॉनची आणि पुसट, स्टेनलेसचे स्क्रू फायबर वॉशरसह. चार अंशांची तूट दीड अंशावर आली. डबी हवाबंद, कडांना इपॉक्सी, फोम, भाजलेलं सिलिका जेल. काचेला दीड वॅटचं कडं. बक कन्व्हर्टरच्या फीडबॅकमध्ये छोटा कंट्रोलर जोडला, तो थर्मिस्टर वाचून व्होल्टेज हळूहळू हलवतो. सेन्सरला धक्का बसू नये म्हणून दर मिनिटाला दीड अंशापेक्षा जास्त वेगाने खाली जात नाही आणि सकाळी वरही तसाच येतो.

आकडा ठरवला शून्य. फक्त शून्य. कारण एप्रिलमधल्या २६ अंशांच्या रात्रीही तो मला ४.६ व्होल्टमध्ये धरता येतो. डिसेंबरमध्ये तर निम्म्यात. डार्क फ्रेमचा संच एकदाच केला, घरी, दिवसा, चाळीस फ्रेम.

काल हवा २५ अंश होती. रात्री दहा ते पहाटे साडेतीन सेन्सर शून्यावर, जास्तीत जास्त ०.१ इकडे-तिकडे. १८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीसुद्धा संपली नाही. धनू राशीतला लगून तेजोमेघ पाच-पाच मिनिटांचे एकतीस फोटो घेऊन एकत्र केला. मधली काळी धुळीची पट्टी, जी मला आजवर ठिपक्यांच्या गर्दीत कधीच वेगळी दिसली नव्हती, ती काठासकट दिसली. फोटो खाली जोडलाय. मूळ फाइलही ठेवलीय, ज्यांना ताणून पाहायची आहे त्यांनी पाहा.

सागरमेघ, डबी पाच तासांनी पाहिली, आत कुठेही धुकं नव्हतं.

सागरमेघ

फोटो पाहिला. ती पट्टी मी पुन्हा पुन्हा मोठी करून पाहतोय. या जानेवारीत मीही पुन्हा डबी उघडणार.

जुना_फिटर

फार आनंद झाला. आता एक काम राहिलंय. मॉड्युलचा रोध मोजून ठेवा. तो वर्षभरात पाच-दहा टक्क्यांनी वाढला तर सांधे थकतायत असं समजायचं. पण साध्या मल्टिमीटरने मोजू नका: त्याचा डीसी करंट गेला की दोन बाजूंत फरक पडतो, मॉड्युल स्वतःच व्होल्टेज देऊ लागतं आणि आकडा खोटा येतो. एलसीआर मीटरने, म्हणजे एसी करंटने मोजणाऱ्या यंत्राने, १ किलोहर्ट्झला मोजा, दोन्ही बाजू खोलीच्या तापमानाला आल्यावर.

अर्धवाहक

दादा, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एलसीआर मीटर आहे. मीही पुण्यातच आहे. शनिवारी घेऊन याल का?

रोहिणीपुंज

आलो होतो, मोजलं, या पठ्ठ्याने तारांचा रोध वेगळा मोजून वजाही केला. खोली २४ अंश, १ किलोहर्ट्झ, २.०४ ओम. वहीत तारीख टाकून लिहिलंय. पावसाळा संपला की पुन्हा मोजून इथेच टाकतो.